हातभर खड्डा

कोंडीला कुणी शिकवलेलं खपत नसे. पाड्यावरच्या निम्म्या पोरांच्या नाळा तिनं कापलेल्या. त्यातल्या कैकांची लग्नं होऊन गेली, तरी खोडाळ्याच्या भर बाजारात एखाद्याला धरून "तू उलटा आलेलास, लई तंगवलंस मला" असं सुनावायला ती कमी करायची नाही. असल्या बाईला कालची सून सांगू लागली की ही नळी अशी धरायची आन् ही पिशवी अशी ठेवायची, तर काय होणार? कोंडी "हं" म्हणाली. कोंडीचं "हं" म्हणजे "नाही" असतं, हे हर्षदाला सात वर्षांत कळायला हवं होतं.

नळी आणि पिशवी रूपेशची. रूपेश हर्षदाचा मुलगा, साडेपाच वर्षांचा. जन्मला तेव्हापासून त्याची लघवीची वाट चुकलेली होती. टोकाला असायचं ते भोक खाली, बुंध्याजवळ होतं. धार पुढं जायच्याऐवजी दोन्ही पायांवर सांडायची, म्हणून तो बसून मुतायचा. अंगणवाडीतली पोरं ती, सोडतात होय! "पोरगी, पोरगी" करून त्याला नको नको करायची. जन्माच्या वेळी कोंडीनं हे पाहिलं होतं आणि "होईल मोठेपणी नीट" असं सांगून मोकळी झाली होती. ते काही नीट झालं नाही. शेवटी तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी ओळखलं, कागद झाले आणि नाशिकला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. कातडीचीच नवी वाट करून ती टोकापर्यंत आणली. त्या वाटेतून नळी आत सोडलेली, नळीच्या दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची पिशवी. घरी आल्यावर आणखी दहा-बारा दिवस लघवी नळीतून पिशवीत उतरणार आणि तोवर टाके कोरडे राहून भरणार. टाके भिजले, पिकले, उसवले, तर सगळं पहिल्यापासून. आणि दुसऱ्या वेळेला कातडी पुरेलच असं नाही, हेही डॉक्टरांनी हर्षदाला सांगून ठेवलं होतं.

पोराचा बाप, म्हणजे कोंडीचा मुलगा मंगेश, ठाण्याकडे इमारतीच्या कामावर. ऑपरेशनला चार दिवस राहिला आणि माणसं घरी पोचवून परत गेला. घरात राहिल्या सासू-सून आणि मधे गोधडीवर पोर.

पहिल्या दिवशी हर्षदानं पिशवी पोराशेजारी जमिनीवर ठेवली. तासाभरात कोंबडीनं तिच्यावर चोच मारली. मग करडू आलं आणि नळीवर पाय देऊन उभं राहिलं, तशी कोंडी भडकली.

"ह्यो काय कारभार? पोराची वस्तू केरात लोळती!"

"आत्या, खाली ठेवा म्हनलेत. पोरापेक्षा खाली."

"पोरगं भुईवर निजलंय. अजून किती खाली?"

कोंडीनं पिशवी उचलली आणि वाशाला बांधली. तिथं बी-बियाणं टांगलेलं, सुकटीचं गाठोडं टांगलेलं, रेशनकार्डाची पिशवी टांगलेली. या घरात जे जपायचं ते वर असायचं, उंदराच्या आणि कोंबड्यांच्या वर. शिवाय नाशिकला ती दोन दिवस राहून आली होती. तिथं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, बाटली वर टांगलेली आणि पेशंट खाली. दवाखान्यात तसंच करतात म्हटल्यावर चुकलं कुठं?

चुकलं होतं ते तिसऱ्या दिवशी कळलं. पोराला ताप भरला. फडकं बदलावं तो परत ओलं. पोटात कळ आली की रूपेश गुडघे छातीशी घ्यायचा आणि दात खायचा. कोंडीनं मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. मिरचीचा ठसका सगळ्यांना लागला, ताप मात्र होता तिथंच होता. टेकडावर जाऊन, मोबाइलला रेंज धरून, हर्षदानं उपकेंद्रातल्या शलाका सिस्टरला फोन लावला.

शलाका जव्हारची. वडिलांचं तिथं कापडाचं दुकान. दोन वर्षं झाली इकडं येऊन, पण अजून चढ चढताना तिला दम लागायचा. खाली रस्त्यावरच्या मोरीपाशी स्कूटी लावून ती चालत आली, दारात वाकली आणि आत येताच तिची नजर वर गेली.

"हे कुणी टांगलं?"

"मी," कोंडी म्हणाली.

"कधीपासून?"

"आल्यापून. सलाइनीसारखं."

सिस्टर मटकन खालीच बसली. "अहो आजी, सलाइन आत जायचं असतं, म्हणून वर! ही लघवी. बाहेर यायची आहे ती. खालचं पाणी डोंगरावर चढतं का कधी?"

तिनं पिशवी सोडली. पोराला उचलून हर्षदाच्या मांडीवर दिलं आणि पिशवी पार जमिनीला टेकवली. नळीत आधी काही हललं नाही. मग एकदम गढूळ, ताकासारखं पाणी सरसरत उतरलं. रूपेशचं कपाळ सैल झालं आणि तो म्हणाला, "आय, दुखायचं थांबलं."

कोंडी हे बघत होती. तीन दिवस पोराचं मूत पोराच्याच पोटात कोंडलं होतं, नळीच्या बाजूनं झिरपून टाक्यांवर येत होतं, आणि हे तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं. तिला भयंकर लाज वाटली. तोंड लपवायला ती चुलीपाशी गेली आणि तिथं काही काम नसताना राख उकरत बसली.

सिस्टरनं नाशिकच्या डॉक्टरांना फोन केला, औषध बदललं, टाके पाहिले. एका टाक्याची कड लाल झाली होती, पण उसवला नव्हता. "दोन दिवसांत ताप उतरायला हवा," ती म्हणाली. "नाही उतरला तर परत नाशिक. आणि पिशवी खाली. खाटेला अडकवायची, झालं."

मग तिनं घरभर खाट शोधली. घर केवढं? चूल, कणगी, दोन पेट्या आणि गोधड्या. विटांवर फळ्या टाकाव्यात का, असं हर्षदानं विचारलं, तर सिस्टर नको म्हणाली. पोर झोपेत लोळतं, पडलं तर नळी हिसकून सगळंच फाटेल.

पाड्यावर खाट एकच होती, आणि ती म्हणजे पुंजाची बाज. पुंजा म्हातारा दिवसभर तिच्यावर पडून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायचा. कोंडी कधी कुणाच्या दारी काही मागायला जात नसे. त्या दिवशी ती गेली.

"न्या," पुंजा म्हणाला. "पन मला तिच्यावरच मरायचंय. तवा येळेवर परत आना."

"तू कशाला मरतोस! तुला यम पन कंटाळलाय," कोंडी म्हणाली आणि बाज डोक्यावर घेऊन आली.

झालं ते आगीतून फुफाट्यात. बाजेचा काथ्या सैल. पोर मधे ठेवलं की झोळीत गेल्यासारखं खाली जायचं. नळी काठाच्या लाकडावरून वर चढायची आणि मग खाली उतरायची. म्हणजे चढ आलाच. काथ्यातून पिशवी आरपार जाईना, आणि नळीचा जोड उघडायचा नाही अशी सिस्टरची ताकीद. दुपारपर्यंत पोराचं पोट पुन्हा टमटमीत झालं. फणफणलेलं पोर ओरडत होतं, आणि दोघी बाया आळीपाळीनं त्याला मांडीवर उंच धरून बसत होत्या. मांडीवर धरलं की उतरायचं. पण किती वेळ धरणार? अजून आठ दिवस होते.

दुपारच्या एसटीनं मंगेश आला. हर्षदानं त्याला फोनवर कळवलं होतं. आल्या आल्या त्यानं बाजेचा काथ्या ताणायला घेतला, तर तो कुजका काथ्या तीन ठिकाणी तुटला आणि बाज कायमची बसली. मंगेशनं कपाळाला हात लावला. मग तो उकिडवा बसून नळीकडं बघू लागला, आणि त्याचा चेहरा बदलला.

"आय, ही तर लेव्हलची नळी," तो म्हणाला.

"कसली?"

"कामावर भिंतीची लेव्हल बघाया आमी अशीच नळी वापरतो. पानी भरायचं, दोन टोकं दोन भिंतींना. पानी कवा खोटं बोलत नाय. पोर भुईवर ऱ्हाऊ दे. पिशवी भुईच्या खाली गेली पायजे. खड्डा मारतो हितंच, शेजारी."

बोलता बोलता तो बाहेर गेला आणि टिकाव घेऊन आला. पोराच्या गोधडीपासून हातभर अंतरावर त्यानं सारवलेल्या जमिनीत पहिला घाव घातला. धप्प.

कोंडीनं दांडा धरला.

"नाय."

"आय, सोड."

"नाय म्हनते ना! आजारी पोराशेजारी खड्डा? डोकं फिरलंय तुजं?"

"अगं, मुताचा खड्डा ह्यो!"

"पोर ऐकतंय. भुई ऐकती. नाय मारायचा."

मंगेशला तिचा राग आला, आणि का येऊ नये? त्याला काय ठाऊक होतं? त्याचा जन्म पुढचा. ब्याण्णवच्या पावसाळ्यात कुपोषणानं पोरं मेली, तेव्हा वावर-वांगणीची नावं पेपरात आली. या पाड्याचं नाव कुणी छापलं नाही, पण पोरं इथलीही गेली. कोंडीची सोमी त्यातली एक. दोन वर्षांची, हातापायांच्या काड्या झालेली, आधी गोवर आणि मग जुलाब. लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बाईनं जायचं नसतं. कोंडीचा नवरा जिवा घरामागं, ओढ्याच्या अलीकडं टिकावानं खणत होता, आणि घरात कोंडी सोमीला मांडीवर घेऊन बसली होती. पावसाच्या आवाजातून घाव ऐकू येत होते. धप्प. धप्प. आणि आता ऐका, म्हणजे कळेल तिनं दांडा का धरला. जिवानं खणायला सुरुवात केली तेव्हा सोमीचा श्वास चालू होता. संध्याकाळपर्यंत काही ती राहत नाही, आणि पाऊस वाढला तर खणता येणार नाही, असा त्यानं हिशेब केला होता. हिशेब खरा ठरला. खड्डा झाला आणि पोर गेलं. कोंडीच्या मनात मात्र ते उलटं बसलं, खड्डा झाला म्हणून पोर गेलं. तिनं तो खड्डा कधी पाहिला नाही. जिवा मरेपर्यंत ती त्याला तो नेमका कुठं आहे हेही विचारू शकली नाही.

यातलं एक अक्षर तिनं मंगेशला सांगितलं नाही. नुसता दांडा धरून उभी राहिली. बाई पन्नाशीच्या पुढची, पण हात सुईणीचे होते. मंगेशला काही दांडा सोडवेना.

गोधडीवर रूपेशला मोठी कळ आली. तो आता ओरडेनासुद्धा. नुसतं तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. फडक्यावर पिवळं-तांबूस पाणी पसरलं.

"आत्या," हर्षदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण सात वर्षांत ती सासूशी अशी बोलली नव्हती. "पिशवीच्या वेळी तुमचं ऐकलं. आता पोराकडं बघा."

कोंडीनं पाहिलं. मग तिनं मंगेशच्या हातातून टिकाव हिसकला आणि दाराबाहेर फेकून दिला. मंगेशला वाटलं, संपलं.

"बापानं खनायचा नसतो," कोंडी म्हणाली. "बाप खनतो त्यो खड्डा येगळा. सर बाजूला."

कणगीमागून तिनं आपलं खुरपं काढलं. पाड्यावर बाळंतपण झालं की वार पुरायला खड्डा लागतो, आणि तो सुईण खणते, दुसरं कुणी नाही. असे खड्डे तिनं आजवर किती खणले असतील, त्याची मोजदाद नव्हती. त्यांच्या शेजारी निजलेली पोरं रडत होती, लाल होती, जिवंत होती. कोंडी मांडी घालून बसली आणि बाळंतिणीच्या घरात खणतात तसा गोल खड्डा खणू लागली. खुरप्याचा आवाज धप्प येत नाही, खरखर येतो. कोपरापासून बोटापर्यंत हात घालून तिनं खोली मोजली, हातभर. कडा हातानं थापून सारख्या केल्या. तळाला धुतलेलं फडकं अंथरलं आणि पिशवी आत ठेवली.

भरभर उतरलं. पाव पिशवी, अर्धी पिशवी. रूपेश झोपला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली. खड्डा बघून आधी चकित झाली आणि मग तिनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला. वर जाळीची टोपली उपडी ठेवायला सांगितली, कोंबड्यांसाठी. ताप त्या दिवशी संध्याकाळी शंभराच्या खाली आला आणि परत चढला नाही. मंगेश चार दिवस राहून कामावर गेला. पाड्यावर कुजबूज झालीच. जित्या पोराच्या उशाला खड्डा, काय म्हणावं या बाईला? पुंजाला तर बाज मोडल्यामुळं बोलायला आयताच विषय मिळाला. कोंडीच्या तोंडावर बोलायची मात्र कुणाची छाती झाली नाही. ती दिवसा कामं करायची, पण वळून वळून टोपली उचलून बघायची. पिशवी भरतेय हे तिला कळत होतं. तरी भीती जात नव्हती, आणि ती गेली नाही हे तिनं कुणाला सांगितलंही नाही.

घरी आल्याच्या बाराव्या दिवशी सकाळी सिस्टरनं डॉक्टरांना विचारून नळी काढली. रूपेश एकदा किंचाळला आणि मोकळा झाला. टाके सुकले होते. मात्र खरी परीक्षा आता होती.

"आता त्यानं स्वतःहून लघवी करायची," सिस्टर म्हणाली. "टोकातून यायला हवी, टाक्यांतून एक थेंब नको. मला पलीकडच्या पाड्यावर लसीकरण आहे, चारला परत येते. तोवर झाली नाही तर गाडी बोलावून नाशिकला न्यावं लागेल. तुंबून राहिली तर आतून टाके फाटतील."

पोर करेना! भीती बसलेली. लागली की मांड्या आवळायचा आणि रडायचा. हर्षदानं तांब्यानं पाणी ओतून धार ऐकवली. कोंडीनं "शूऽऽ" केलं, घरामागं नेलं, मोहाच्या झाडाखाली नेलं. तो सवयीनं बसायचा, जोर आला की "दुखंल, दुखंल" म्हणून उठायचा. दुपार कलली. पोट पुन्हा ताठ लागायला लागलं. हर्षदानं नाशिकसाठी कपड्यांची पिशवी भरायला घेतली आणि ती भरता भरता रडायला लागली.

कोंडी दारात उभी होती. आतला खड्डा तिला दिसत होता. टोपली काढलेली, पिशवी नाही, तळाचं फडकंही काढलेलं. रिकामा, उघडा, पोराच्या अंथरुणाला लागून. तिच्या मनात आलं, हा बघ, वाट बघतोय. आणि तिला असा संताप आला की विचारू नका. तिनं रूपेशचा दंड धरला आणि त्याला खड्ड्याच्या काठावर आणून उभं केलं.

"मूत," ती म्हणाली.

रूपेश बघतच राहिला. "घरात?"

"घरात."

"आय मारंल."

"तुज्या आयसला मी बघते. बसायचं नाय. उभा ऱ्हा बापयासारखा. आन् मूत ह्याच्यावर."

घरात मुतायचं, तेही आजीच्या हुकमानं, म्हणजे पोराला गंमतच वाटली असणार. तो फिस्सकन हसला. हसता हसता मांड्या सैल झाल्या. दोन थेंब पडले. तो घाबरून थांबला, कोंडीच्या लुगड्याला धरलं. "दुखत नाय," तो नवल वाटून म्हणाला. आणि मग आली. आधी बारीक, तुटक, आणि मग एकसंध, सरळ पुढं, टोकातून, खड्ड्याच्या पार मधोमध.

कोंडी सुईणीच्या नजरेनं खाली वाकून बघत होती. टाके कोरडे. एक थेंब नाही. हर्षदा कपड्यांची पिशवी हातात धरून तशीच उभी होती.

"झाली का?" दारातून सिस्टरचा आवाज आला. तिला धाप लागली होती.

"झाली."

"कुठून?"

"जिथनं व्हायची तिथनं," कोंडी म्हणाली.

मग ती गुडघे टेकून बसली, दोन्ही हात काठावर ठेवले आणि खड्ड्यात वाकून पाहिलं. चांगलं, पुरतं, वेळ घेऊन पाहिलं. आत कुणी नव्हतं. नुसतं मूत होतं, आणि तेही जमिनीत जिरत चाललं होतं. कोंडीला हसू आलं, आणि हसता हसता, सून आणि सिस्टर बघत असताना, ती सोमीचं नाव घेऊन मोठ्यानं रडली. ही सोमी कोण, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.